रिसॉर्टच्या दुकानासाठी स्वतःच्या डिझाइनचे मोजे: छापील की विणलेले, आणि किती जोड्या?

घाटवाट

नमस्कार मंडळी. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरच्या ३५ खोल्यांच्या रिसॉर्टमधलं भेटवस्तूंचं दुकान चालवायला घेतलं आहे. जॅम, चिक्की, चपला, लाकडी खेळणी हे सगळं बाजारपेठेत दर दहा पावलांवर मिळतं, तेच पुन्हा मांडण्यात अर्थ वाटत नाही. इथे सूर्य कलला की गारठा पडतो आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांनी मोजे आणलेलेच नसतात. म्हणून इथलीच चित्रं असलेले मोजे करून घ्यायचे आहेत.

तीन डिझाइनं डोक्यात आहेत: पांढऱ्यावर लाल स्ट्रॉबेरी, शेकरू, आणि धुक्यातलं टेबललँड (खाली गडद हिरवं, वर हळूहळू पांढरं होत जाणारं). तिन्हींवर घोट्याच्या वर देवनागरीत 'महाबळेश्वर' असं लिहायचं आहे. मोठ्यांचे हवेत, लहान मुलांचेही हवेत. एक पुरवठादार छापील मोजे ५० जोड्यांपासून द्यायला तयार आहे. दुसरा विणलेले देतो, पण डिझाइनमागे किमान ३०० जोड्यांची ऑर्डर मागतो.

छापील घ्यावेत की विणलेले? सुरुवातीला किती माल उचलावा? साइझ, जीएसटी, पॅकिंग यांचं काय? माल दिवाळीच्या सुट्टीआधी दुकानात हवा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

सूतकाम

ताई, छापील-विणलेले हा प्रश्न आधी सोडवू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

छापील म्हणजे बहुतेक वेळा पांढऱ्या पॉलिएस्टर मोज्यावर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई धाग्यात उतरवणं. मोजा सपाट पाटीवर चढवून दोन्ही बाजूंनी गरम प्रेस मारतात. फोटोसारखं चित्र येतं, रंगांची मर्यादा नाही, ५० जोड्याही परवडतात. दोष असे की कडेला जिथे घडी पडते तिथे उभी फिकट रेघ राहते, आणि पाय घातला की मोजा ताणून आतला पांढरा धागा डोकावतो. दुकानात दिसलेला गडद हिरवा पायात फिकट दिसतो. शिवाय पॉलिएस्टर घाम शोषत नाही. गोल फिरत्या रुळावर छापणारी डिजिटल मशीनं आली आहेत, त्यात कडेची रेघ जाते, पण ताणल्यावर पांढरं दिसणं पूर्ण जात नाही. थंडीसाठी आणि आठवण म्हणून घेतलेला मोजा दोन-तीन वर्षं वापरला जावा असं वाटत असेल तर विणलेलाच घ्या.

विणलेल्या मोज्यात चित्र टाक्यांनी बनतं, त्यामुळे मशीनच्या सुया किती हे पहिल्यांदा विचारा. ९६ किंवा १०८ सुयांचा मोजा जाड आणि चित्र ओबडधोबड, १४४ मध्यम, १६८ सुयांवर चित्र नीट उठतं, २०० सुयांचा मोजा बारीक आणि ऑफिसच्या बुटात घालण्यासारखा. तुमच्यासाठी १६८, आणि ऊब हवी असेल तर तळव्याला टेरी, म्हणजे टॉवेलसारखी आतून फुगीर वीण. १६८ सुया म्हणजे पायाभोवती १६८ टाके. समोरून दिसणारी बाजू निम्मी, ८४ टाक्यांची. तुमच्या चित्रकाराला हाच कागद आहे असं सांगा.

टाका चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो, आणि पायात घातल्यावर आणखी आडवा ताणतो. चौकोनी आलेखावर काढलेली गोल स्ट्रॉबेरी पायात टोमॅटोसारखी चपटी दिसते. म्हणून कारखान्याकडून त्यांच्याच मशीनचा रिकामा ग्रिड मागवा आणि त्यावर चित्र थोडं उभट काढा. एक टाका रुंदीची उभी रेघ टाळा, ती तुटक दिसते. किमान दोन टाके द्या.

रंगांचं गणित आडव्या ओळीत चालतं. बहुतेक मशीनवर एका ओळीत मूळ रंग धरून पाच-सहा रंगच बसतात. पुढच्या ओळीत रंग बदलता येतात, त्यामुळे अख्ख्या मोज्यात जास्त रंग दिसू शकतात. पण ओळीत जितके रंग जास्त तितके आत सुटे धागे जास्त. मशीन ते आतून कापतं, तरी टोकं राहतात, आणि धागा लांब राहिला तर पायाचं बोट त्यात अडकतं. लहान मुलांच्या मोज्यात हे फार महत्त्वाचं आहे. तिथे एका ओळीत तीनच रंग ठेवा.

आता तुमची डिझाइनं. शेकरू उत्तम. पाठ तपकिरी-लाल, पोट पिवळसर, शेपटीचं टोक फिकट, तीन रंगांत काम होतं आणि लांब शेपटी पोटरीवरून खाली सोडता येते. बाजारातल्या कुठल्याही मोज्यावर हे दिसणार नाही. फक्त त्याला घोट्याच्या एका अंगाला बसवू नका. मशीन एकाच प्रोग्रॅमवर दोन्ही मोजे विणतं, म्हणजे डाव्या पायात शेकरू बाहेरच्या बाजूला आलं तर उजव्या पायात ते आत येणार. उलटसुलट जोडी हवी तर दोन प्रोग्रॅम लागतात आणि जोड्या लावताना घोळ होतो. एक तर दोन्ही अंगांना चित्र द्या, नाहीतर समोर मध्यभागी.

धुक्यात 'हळूहळू पांढरं' विणकामात होत नाही. गडद हिरवा, मध्यम हिरवा, राखी, पांढरा असे चार पट्टे घ्या आणि जिथे रंग बदलतो तिथे पाच-सहा ओळी ठिपके विखरून टाका. टेबललँडचा सपाट माथा मात्र आडव्या ओळीत ठसठशीत येतो. टाच आणि चवडा सहसा एकरंगी विणले जातात, तिथे चित्र धरू नका.

स्ट्रॉबेरीत खरी जोखीम रंगाची आहे. पांढऱ्यावर गडद लाल, आणि लाल धाग्याला जादा रंग धुऊन काढलेला नसेल तर पहिल्याच धुलाईत पांढरा मोजा गुलाबी होतो. धुलाईतला रंगपक्केपणा आणि दुसऱ्या कापडाला लागणारा डाग, दोन्ही राखी पट्टीवर (रंग किती उतरला हे १ ते ५ अंकांत मोजणारी पट्टी, ५ सर्वांत चांगला) किमान ४ हवेत, हे ऑर्डरमध्ये लिहा. चाचणीचं नाव आयएसओ १०५-सी०६. शक्य असेल तर पार्श्वभूमी पांढऱ्याऐवजी साईच्या रंगाची किंवा फिकट गुलाबी घ्या, मळही कमी दिसतो.

सूत: ७५ ते ८० टक्के कोम्ब्ड कॉटन (विंचरून आखूड तंतू काढलेलं सूत), १५ ते २० टक्के नायलॉन किंवा पॉलिएस्टर, उरलेलं स्पॅन्डेक्स (ताणला जाणारा धागा). गडद मोज्याच्या आत पांढरा नायलॉन चालवला तर ताणल्यावर तोच दिसतो, म्हणून गडद डिझाइनला आतला धागाही गडद असा आग्रह धरा. हा मुद्दा कोटेशनमध्ये कुणी आपणहून लिहीत नाही.

---

कृष्णाकाठ

वर तांत्रिक बाजू नीट आली आहे. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचं आहे, आणि ती ऑर्डर देण्याआधीच ठरायला हवी.

मोज्यावर 'महाबळेश्वर' लिहू नका. ते गावाचं नाव आहे तसंच क्षेत्र महाबळेश्वरच्या शंकराचंही नाव आहे. टी-शर्टावर, मगवर, टोपीवर ते शोभतं. पायात घालायच्या वस्तूवर ते आलं की गावातली माणसं दुखावतील, आणि त्यांचं दुखावणं रास्त आहे. पाहुण्यांपैकीही अनेकांना ते खटकेल. त्याऐवजी 'पाचगणी', 'टेबललँड' असं काही घ्या, किंवा मोज्यावर फक्त चित्र ठेवून गावाचं नाव वरच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर छापा.

हाच नियम प्रतापगडालाही. पाहुणे गडावर जाऊन येतात म्हणून कुणीतरी गडाचा बुरूज, भगवा झेंडा, राजमुद्रा सुचवेल. मोज्यावर यातलं काहीही नको. ओम, स्वस्तिक, त्रिशूळ, मंदिराचं शिखर नको. तिरंगा तर कायद्यानेच नको: १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार कमरेखालच्या पोशाखावर राष्ट्रध्वज वापरणं हा गुन्हा आहे.

वारली चित्रांचा विचार पुढे आला तर, त्रिकोणी धडाच्या आकृती टाक्यांत छान बसतात, पण काटकुळे हातपाय तुटतात. शिवाय वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. इंटरनेटवरून उचलू नका, वारली कलाकाराकडून पैसे देऊन चित्र काढून घ्या आणि पट्टीवर त्याचं नाव छापा. गवा, कारवीची फुलं, वेण्णा तलावातल्या नावा, टेबललँडवरचे घोडे, मक्याचं कणीस, विषय भरपूर आहेत आणि कुणाच्याही मालकीचे नाहीत.

---

घाटवाट

कृष्णाकाठ, नावाचा हा विचारच केला नव्हता, मनापासून आभार. 'पाचगणी' ठेवते. सूतकाम दादा, देवनागरी अक्षरं १६८ सुयांवर वाचता येतील ना? पुरवठादार म्हणतो इंग्रजीच करा, मराठी फुटतं.

---

सूतकाम

फुटत नाही, जागा कमी दिली तर फुटतं. रोमन अक्षराला सात ओळींची उंची पुरते, त्याच मापात मराठी कोंबतात म्हणून वाचता येत नाही. देवनागरीला शिरोरेषा दोन ओळी, तिच्याखाली अक्षर दहा ओळी, वर वेलांटी-मात्रांना पाच, खाली उकार असेल तर आणखी चार. सतरा ते एकवीस ओळी मोजून द्या. 'पाचगणी'ला उकार नाही, जोडाक्षर नाही, रुंदी सुमारे ५० टाके, म्हणजे समोरच्या ८४ मध्ये आरामात मावतं. अडचण येते ती 'ण'च्या पोटात. त्याच्या दोन दांड्यांमध्ये किमान तीन टाके मोकळे सोडा, नाहीतर ताण नसताना तिथे काळा ठिपका दिसतो. संगणकावरचा फॉन्ट लहान करून देऊ नका, अक्षर टाका-टाका भरून हाताने काढा. आणि शब्द रबरी काठापासून दोन सेंटीमीटर खाली घ्या.

---

मालतपासनीस

ऑर्डर, पैसे आणि तपासणीबद्दल.

किती घ्यावेत: तीन डिझाइनं, प्रत्येकी ३०० जोड्या, एकूण ९००. ३०० हा आकडा मशीन बसवण्याच्या वेळेमुळे येतो. नवा प्रोग्रॅम, धागे बदलणं, ताण जुळवणं यात पाळीतला बराच वेळ जातो. त्यामुळे ३०० मधून साइझ फोडून द्याल का एवढंच विचारा. बायकांचा बूट ४ ते ७ आणि पुरुषांचा ७ ते ११ असे दोन साइझ एकाच सुयांच्या मशीनवर, फक्त तळव्याच्या ओळी कमी-जास्त करून निघतात, तेवढं बहुतेक जण मान्य करतात. 'फ्री साइझ' मोठ्या पायाच्या टाचेवरून खाली घसरतो, तो नको. लहान मुलांचा मोजा मात्र कमी सुयांवर आणि वेगळ्या ग्रिडवर बनतो, तो स्वतंत्र डिझाइन समजा. पहिल्या फेरीत मुलांसाठी फक्त स्ट्रॉबेरी घ्या, ४ ते ७ वर्षं. तेवढ्यासाठी मोठ्यांची दोनच डिझाइनं ठेवावी लागली तरी चालेल. माझ्या मते शेकरू मोठ्यांसाठी, स्ट्रॉबेरी दोघांसाठी, आणि टेबललँड पुढच्या वर्षी.

हिशोब, आकडे उदाहरणादाखल: जोडी ९५ रुपये, पुठ्ठा पट्टी ६, वाहतूक ४, एकूण १०५. ९०० जोड्यांचे ९४,५०० रुपये. विक्री किंमत सर्व करांसह २९९ ठेवली तर ५ टक्के जीएसटी वजा जाता हाती २८४ रुपये ७६ पैसे. ३३२ जोड्या विकल्या की मालाचे पैसे वसूल, दुकानाचं भाडं आणि पगार वेगळे. मोज्यांचा एचएसएन (जीएसटीसाठीचा वस्तूंचा वर्गीकरण क्रमांक) ६११५, आणि या किमतीला दर ५ टक्केच. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर) असाल तर खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळणार नाही, तो खर्चात धरा. मोजे आणि दुसरी वस्तू एकाच किमतीच्या डब्यात घालून विकलीत तर दोन्हींपैकी जास्त असलेला दर पूर्ण डब्याला लागतो, हेही लक्षात ठेवा.

वेळ: विणलेले मोजे लुधियानाहून येवोत की तिरुप्पूरहून, नमुन्याला सात ते दहा दिवस आणि मंजुरीनंतर मालाला तीन ते चार आठवडे धरा. लुधियानाच्या होजिअरीत पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळी मालाची गर्दी असते, छोटी ऑर्डर मागे पडते. दिवाळी आणि छठला कारागीर गावी गेले की पंधरा दिवस काहीच हलत नाही. नमुना जुलैत मंजूर करा, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आगाऊ रक्कम द्या.

नमुना म्हणून स्क्रीनवरचं चित्र मान्य करू नका. विणलेली जोडी हातात हवी, आणि ती ज्या मशीनवर माल निघणार त्याच मशीनची. ती घालून बघा, काढा, तीनदा धुवा, ओला पांढरा रुमाल लाल भागावर दाबून घासा. उलटी करून आतले धागे बोटाने ओढा. चवड्याची शिवण आतून जाड दोरीसारखी लागत असेल तर सपाट शिवणीची मागणी करा, दोन-चार रुपये जास्त पडतील. मग दोन जोड्यांवर सही-तारीख घालून एक तुमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे ठेवा. वाद झाला तर हीच जोडी उपयोगी पडते.

ऑर्डरवर लिहा: सुया, सुताचं प्रमाण, रंगांचे पँटोन या रंगपुस्तकातले कापडासाठीचे टीसीएक्स क्रमांक (कागदावरच्या छपाईचे क्रमांक सुताला जुळत नाहीत), जोडीचं वजन पाच टक्क्यांच्या फरकाने, नगांत कमी-जास्त पाच टक्के. वजन लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण दर खाली ओढला की कारखाना सूत कमी करतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नमुना ४५ ग्रॅमचा असेल तर मालही तेवढाच हवा. नाकारलेला माल बाजारात न विकता नष्ट करायचा, हीही अट घाला. नाहीतर तुमचं शेकरू 'सेकंड' म्हणून रस्त्यावर विकायला येईल.

तपासणी: ९०० च्या लॉटला आयएसओ २८५९ या नमुना-तपासणीच्या मानकाप्रमाणे ८० जोड्या वेगवेगळ्या खोक्यांतून काढा. एक्यूएल (चालवून घ्यायच्या दोषांची टक्केवारी) २.५ धरला तर पाच सदोषपर्यंत स्वीकार, सहा झाले की अख्खा लॉट परत. जोडीतले दोन मोजे एकावर एक ठेवा, लांबीत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असला तर तो दोष. पन्नास टक्के आगाऊ, उरलेले तपासणीनंतर, हा व्यवहार दोन्ही बाजूंना मान्य होतो. कारखाना उद्यम नोंदणीचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर पैसे देण्याची लेखी कराराने ठरलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही.

---

काउंटरवाली

विक्रीची बाजू थोडक्यात सांगते.

प्लास्टिकच्या पिशवीत पॅक करून मागवू नका. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि पाहुण्याला मोज्याचा स्पर्श कळला तरच तो घेतो. रुंद कागदी पट्टी पुरे. ती मोज्याच्या मधोमध बसते, म्हणून चित्र पट्टीच्या वर दिसेल अशी घडी कारखान्याला कागदावर काढून द्या. सांगितलं नाही तर घडीत शेकरूचं डोकं आत जातं आणि समोर नुसता तपकिरी पट्टा राहतो.

पट्टीवर किंमत सर्व करांसह, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, साइझ, '१ जोडी', महिना-वर्ष हे सगळं छापून घ्या. वजनमाप खात्याचा माणूस आधी हेच बघतो. मागच्या बाजूला दोन ओळी शेकरूबद्दल, महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून. मुलं वाचून दाखवतात आणि आई-बाबा विकत घेतात.

मांडणीत एक जोडी लाकडी पायाच्या साच्यावर चढवून ठेवा. घडी घातलेल्या मोज्यावरून चित्राचा अंदाज येत नाही. जागा रिसेप्शनशेजारी, संध्याकाळच्या चहाच्या वाटेवर, कारण थंडी तेव्हाच वाजते.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर तिथली हवा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. कॉटन मोज्यांना बुरशीचा वास धरतो, पट्टीचा कागद लाटांसारखा वाकतो, रबरी काठही मऊ पडतो. मे अखेर उरलेला माल मोजून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत भरा, प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, डबे भिंतीला न टेकवता फळीवर ठेवा. शक्य असेल तर ते चार महिने माल वाईला खाली पाठवा.

---

घाटवाट

सगळ्यांचे आभार. असं ठरवते: शेकरू मोठ्यांसाठी ३००, स्ट्रॉबेरी मोठ्यांसाठी ३०० आणि मुलांसाठी ३००, पार्श्वभूमी साईच्या रंगाची, 'पाचगणी' हाताने भरलेल्या अक्षरांत. शेवटचा प्रश्न, पुढच्या वर्षी पुन्हा मागवताना रंग तोच येईल का?

---

सूतकाम

सुताचा लॉट बदलला की छटा थोडी हलते, लाल आणि तपकिरीत जास्त. प्रत्येक रंगाच्या धाग्याची एक वीत लांब लडी पुठ्ठ्यावर चिकटवून, लॉट क्रमांक लिहून, उजेडापासून लांब ठेवा आणि पुढच्या वेळी तीच पाठवा. फोटोवरून रंग जुळवू देऊ नका. जुना आणि नवा माल एकाच टोपलीत मिसळू नका, जोडीतला एक मोजा इकडचा आणि एक तिकडचा झाला तर लगेच दिसतो. आणि मशीनची प्रोग्रॅम फाइल डिझाइन शुल्क भरून तुमच्या नावावर घ्या. ती दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर जशीच्या तशी चालेलच असं नाही, म्हणून टाका-टाका भरलेला मूळ आलेख चित्रफाइल म्हणूनही मागून ठेवा. तो कुठल्याही कारखान्यात चालतो.